नानांनी माईकवरून सांगितलं

अवसरी बुद्रुकच्या भगवंत भोरांना तोंडावरून ओळखणारी माणसं गावापुरती. आवाजावरून ओळखणारी मात्र आंबेगाव आणि जुन्नर दोन्ही तालुक्यांत पसरलेली. बैलगाड्यांच्या शर्यतीत घाटाच्या, म्हणजे चढाच्या धावपट्टीच्या, बाजूला जो मंडप असतो, त्यातला माईक म्हणजे भगवंतनाना. एकेका गाड्याची पाळी म्हणजे बारी; ती सुटायच्या आधी ते एकदा घसा खाकरत. तेवढ्यानंही घाटाच्या दोन्ही अंगांची गर्दी पुढं सरकायची. मग, "आली आली आली, घोडी पुढं झाली, बैलं तिच्या शेपटाला लागली, उचलली, उचलली, भिर्रर्रर्र...!" आणि भंडाऱ्याचा पिवळा ढग उठायचा. बघणाऱ्यांना गाडा दिसायचा थोडा वेळ. नानांच्या तोंडून ऐकलेला तो वर्षभर पुरायचा.

घरी चार माणसांसारखी बटाट्याची शेती. मुलगा आदेश चाकणच्या कंपनीत, सून सोनल घरचं आणि रानातलं बघायची, नात आरोही शाळेत. पण नानांचा जीव घाटात. कुठल्या गावच्या बैलाचा बाप कोण, कोणत्या मालकाचा आजा कोणत्या घाटात जिंकला, हे सगळं तोंडपाठ. समोर चिठ्ठी ठेवायची त्यांना लाज वाटे. म्हणायचे, "चिठ्ठी बघून बोलायचं तर माईक तलाठ्याला द्या की."

अशा माणसाला डिंगोऱ्याच्या यात्रेत जानकूचं नाव आठवेना.

जानकू म्हणजे काही परका नव्हे. डिंगोऱ्याचाच धनगर, घरी थोडी मेंढरं अजून राखून असलेला, आणि नानांचा जुना जिवलग. दरसाल यात्रेला नाना त्याच्याच घरी जेवायचे. त्याचा गाडा घाटाच्या तोंडाशी जुंपून उभा होता. जानकू बैलाच्या कानात काहीतरी सांगत होता. नानांनी माईक तोंडाशी धरला, जानकूकडं पाहिलं, आणि म्हणाले, "आता बारी येतीय... गाडामालक... आपले..." पुढं काही नाही. डोक्यात जिथं नाव असायचं तिथं पांढरी भिंत. मग सराईतपणे त्यांनी मारून नेलं, "आपल्या सगळ्यांचे लाडके गाडामालक!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडा सुटला, बैलं भन्नाट पळाली. पण थोड्या वेळानं नानांनी तोच गाडा पुन्हा पुकारला. लोक हसले. नानाही हसले.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर जानकूनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "भगवंता, माझं नाव इसरलास व्हय रं?"

"गंमत केली लेका."

"न्हाई," जानकू म्हणाला. "तुझी गंमत मला कळती. ती गंमत नव्हती."

घरी आल्यावर नानांनी बायकोला, ठकूबाईंना, हसत हसत ही गोष्ट सांगितली. ठकूबाई हसल्या नाहीत. चुलीपुढून उठून त्या नवऱ्याशेजारी येऊन बसल्या.

"अवो, तुमी परवा नारायणगावला निघालात आन् घोडेगावच्या रस्त्याला लागलात. त्याच्या आदी च्यात दोनदा साखर घातली. मी म्हणलं, वय झालं. कुनाला बोलले न्हाई."

"साठी बुद्धी नाठी, दुसरं काय!" नानांनी उडवून लावलं.

पण त्या दिवसापासून त्यांना स्वतःचीच चाहूल लागू लागली. रानात पाणी धरता धरता ते बैलांची नावं मोठ्यानं म्हणून बघत. सगळी आली की छाती फुगे. एखादं अडलं की दिवसभर तोंडाला चव नसे.

त्याच सुमारास गावात एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. गावच्या फॅमिली डॉक्टर वृषालीताईंनी भैरवनाथाच्या सभामंडपात लोकांना बोलावलं. दवाखाना आधी त्यांच्या वडिलांचा, आता त्यांचा. त्यामुळं कुणाच्या घरी काय दुखतं हे त्यांना न सांगता ठाऊक. त्या म्हणाल्या, "बीपी तपासता, साखर तपासता, तशी स्मरणशक्तीही तपासता येते. ज्यांना स्वतःला किंवा घरच्यांना फरक जाणवतोय, त्यांनी माझ्याकडं या. आधी इथंच बघू. गरज वाटली तरच पुण्याला पाठवीन."

सभामंडपात एकच कालवा उठला. यात्रा कमिटीचे अध्यक्ष दादाभाऊ पहिल्या रांगेत होते. ते उभे राहिले. "मॅडम, तुमी भल्यासाटी म्हणताय. पण एकदा का कागदावर आलं, की मानूस येडा ठरला! उद्या जमिनीच्या खातेफोडीला त्याची सही कोन धरल? भाऊबंद टपलेलेच असत्यात."

"वेडा ठरत नाही, दादाभाऊ. सुरुवातीला कळलं तर माणूस आपले निर्णय आपणच घेऊ शकतो. उशिरा कळलं, तर मात्र दुसरे घेतात."

"आन् औषिद हाय का त्याच्यावर?" मागून कुणीतरी ओरडलं. "बरं व्हत नसंल तर कळून काय उपेग? उगा झोप उडायची!"

वृषालीताईंनी लपवाछपवी केली नाही. "पूर्ण बरं करणारं औषध आज नाही. काहींना गोळ्यांनी थोडी मदत होते. पण ऐका, विसरायला लागलेला प्रत्येक माणूस या आजाराचा नसतो. कुणाला बी-ट्वेल्व्ह कमी असतं, कुणाला थायरॉइड, कुणाला ऐकूच कमी येतं, कुणाचं मन खचलेलं असतं. ते बरं होतं. ते तपासल्याशिवाय कसं कळणार?"

"म्हंजे आमची परीक्षाच की!" दुसरा एक म्हणाला. "शाळंत नापास झालो, आता म्हातारपनी बी व्हायाचं?" लोक खो खो हसले.

हशा थांबेपर्यंत सखूबाई उभ्या राहिल्या होत्या. गेल्या सालीच त्यांचे मालक गेले होते. त्या कधी सभेत बोलत नसत. बोलल्या तेव्हा पदर घट्ट धरून बोलल्या. "आमच्या ह्यांना शेवटी शेवटी कायबी समजत नव्हतं. पर त्याच्या आदी चार-पाच सालं ते मला तेच तेच इचारायचे, आन् मी त्यांच्यावर वराडायची. मला वाटायचं मुद्दाम करत्यात. कुनी तवा सांगितलं असतं ना, की ह्यो आजार हाय, तर मी एक दिस बी वराडले नसते." आणि खाली बसल्या.

खांबाला टेकून बसलेल्या नानांनी ठकूबाईंकडं पाहिलं. ठकूबाई सखूबाईंकडं पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी स्वतःच धुतलेला सदरा मागितला. "चल. परीक्षा देऊन येऊ," ते म्हणाले.

दवाखान्यात वृषालीताईंनी दार लावून घेतलं. आज वार कोणता, महिना कोणता, हे विचारलं. नानांनी फटाफट सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा. नदी, दिवा, कुदळ. नंतर विचारीन. आता एका मिनिटात जितकी आठवतील तितकी जनावरं सांगा."

नाना खुर्चीत सरसावले. "सर्जा, हरण्या, बादल, मथुऱ्या, पाखऱ्या, डिंगोऱ्याचा सोन्या, घाटघरचा वाघ्या..." आवाज चढत गेला. बाहेर बाकावर बसलेले पेशंट दाराला कान लावून उभे राहिले. "...कोंडिबाचा तुफान, त्याचा भाऊ वादळ..."

"नाना, नाना!" वृषालीताई हसून हसून वाकल्या. "नावं नकोत! गाय, म्हैस, कुत्रा, अशी जनावरं!"

"अस्सं व्हय? मग आदी सांगायचं ना! मला वाटलं बैलच इचारताय." ठकूबाईंनाही हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी त्या अशा हसल्या.

हसणं ओसरल्यावर ताईंनी विचारलं, "आणि ते तीन शब्द?"

नानांचा चेहरा उतरला. त्यांनी छताकडं पाहिलं, ठकूबाईंकडं पाहिलं. "दिवा," ते म्हणाले. मग बोटांवर मोजत राहिले. "दिवा एकच घावतोय मॅडम. बाकीचे दोन आत्ताच हितं व्हते."

ताईंनी घाईनं काही निदान केलं नाही. एवढ्यावरून काही ठरत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ठकूबाईंशी वेगळं बोलल्या. रक्त तपासायला दिलं. त्यात बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, तेव्हा सगळ्या घराला हायसं वाटलं. इंजेक्शनं सुरू झाली. नानांना तरतरीही आली. पण नावं अडायची ती अडतच राहिली. मग आदेशनं रजा टाकून त्यांना पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं, स्कॅन झाला, आणि शेवटी वृषालीताईंनीच तो कागद समोर ठेवून समजावलं. डिमेन्शियाची सुरुवात आहे. अगदी सुरुवात. किती वेगानं पुढं जाईल हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही.

आदेश खाली मान घालून बसला. ठकूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. नानांनी मात्र एकच विचारलं, "मॅडम, माझी बारी संपली का अजून घाटातच हाय?"

"घाटातच आहे, नाना. चांगली अर्ध्यावर आहे."

"मग झालं तर!" नाना उठले. त्यांना भीती वाटली नाही असं नाही. दवाखान्यातून निघताना त्यांनी ठकूबाईंचा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. पण त्या भीतीसोबत एक विलक्षण हुरूपही चढला होता. इतके दिवस अंधारात कोण दगड मारतंय हे कळत नव्हतं. आता शत्रूचं तोंड तरी दिसलं.

घरी खरी ठिणगी पडली ती 'लोकांना सांगायचं का' यावर. आदेश म्हणाला, "नाना, घरातल्या घरात ठेवू. लोकं काय म्हनतील? उद्या आरोहीच्या लग्नात म्हनतील, घराण्यातच हाय."

सोनल शेंगा निवडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "आरोही अजून सातवीत हाय. आन् बीपी तुमच्या घराण्यात हायेच की, ते सांगूनच मला करून आणलीत ना?"

नाना मोठ्यानं हसले.

बातमी मात्र गावात आधीच पोहोचली होती. भैरवनाथाची यात्रा तोंडावर आलेली. दादाभाऊ घरी आले, चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, आणि शेवटी कपात बघत म्हणाले, "नाना, औंदा तुमी आराम करा. नारळ फोडायचा मान तुमचा. माईकला दुसरं कुनी बघू."

नानांच्या तोंडावर कुणी पाणी मारावं तसं झालं. ते काही बोलायच्या आत सोनल दारातून म्हणाली, "मी बसते की नानांच्या शेजारी."

"कुठं?"

"माईकला. कोनाचा गाडा, गाव कोनतं, कितवी बारी, हे मी पुकारते. गाडा सुटला की नाना बोलतील. ते त्यांना इसरायला झालंय थोडंच! आडलं तर मी हाये."

"बाईमानूस? घाटात?" दादाभाऊंचा कप हातातच राहिला.

"पोरी घोडीवर बसून गाड्याच्या पुढं पळत्यात आता, दादाभाऊ. मी तर खुर्चीवर बसनार हाये."

दादाभाऊंनी नानांकडं पाहिलं. नानांचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते. "हिला कालिजात बक्षीस व्हतं बोलायचं," ते म्हणाले. "हाय ना गं?"

"हाय, नाना."

कमिटीत त्यावर वादावादी झाली. कुणी म्हणालं, देवाच्या कामात खेळखंडोबा नको. कुणी म्हणालं, नानांशिवाय यात्रा म्हणजे मिठाशिवाय पिठलं. अखेर पहिल्या काही बाऱ्या बघायच्या आणि मग ठरवायचं, असं झालं.

मग त्या घरात जी तालीम सुरू झाली, तिला तोड नव्हती! सोनल भाकऱ्या थापता थापता गाडे पुकारी, आणि कुकरची वाफ जोरात फुसफुसू लागली की ओट्याशी उभे राहून नाना सुरू होत, "आला आला आला, घाट चढला, भिर्रर्रर्र!" शिट्टी झाली की बारी संपली. ठकूबाई ओरडत, "डाळ करपली तर दोगांना बी उपाशी ठेवीन!" नाना एखाद्या शब्दापाशी थांबले की सोनल उगाच घाई करत नसे. जरा वाट बघे आणि अलगद शब्द पुढं सारी. नाना तो उचलत आणि पळत सुटत. कधी कधी मात्र ते चिडत, "मला आठवत व्हतं, तू मधी का बोललीस?" तेव्हा सोनल पुढची भाकरी थापायला घेई. मग थोड्या वेळानं तेच येऊन म्हणत, "परत घ्यू का एक?"

यात्रेचा दिवस उजाडला. घाटाच्या दोन्ही बाजूंनी माणूसच माणूस. झाडांवर पोरं, ट्रॉल्यांवर बाया, हलगीचा कडकडाट. मंडपात नाना फेटा बांधून बसले, शेजारी सोनल. तिला पाहून गर्दीत कुजबुज झाली, एक-दोन शिट्ट्याही आल्या. पहिली बारी पुकारायच्या आधी नानांनी माईक हातात घेतला.

"राम राम मंडळी. गाडं सोडायच्या आदी माझं एक गाऱ्हानं ऐका. मला आजार झालाय. इसरायचा. डिमेन्शिया म्हनत्यात. आपल्या वृषाली मॅडमनी तपासलं, पुन्याच्या डॉक्टरनी तपासलं. मागच्या येळंला डिंगोऱ्यात मी माझ्या जीवलगाचं नाव इसरलो. तुमाला वाटलं नाना गंमत करतोय. गंमत नव्हती." हलगी थांबली होती. "कुनी म्हनतं, कळून काय उपेग? मला कळलं, म्हनून आज ही माझी सून शेजारी बसलीय. कळलं नसतं तर तुमी मला हसला असता, आन् मी घरात जाऊन रडलो असतो. ज्याला भ्या वाटतंय त्यानं जाऊ नगा. पर ज्याच्या घरात कुनी तेच तेच इचारतंय, त्यानं त्याच्यावर वराडू नगा. मॅडमकडं न्या. झालं माझं. आता सोड गं पहिली बारी!"

मग ट्रॉल्यांवरच्या बायांमधून टाळी उठली आणि बघता बघता अख्खा घाट वाजू लागला.

सोनलचा आवाज पहिल्या बारीला थोडा कापला, दुसऱ्या बारीला सरळ झाला, आणि तिसऱ्या बारीनंतर शिट्ट्यांचं रूपांतर आरोळ्यांत झालं. दादाभाऊंनी खालूनच 'चालू द्या' म्हणून हात हलवला. दुपारी जानकूचा गाडा आला. तो डिंगोऱ्याहून मुद्दाम उतरला होता. सोनलनं पुकारलं, "डिंगोऱ्याचे गाडामालक, जानकू..."

नानांनी तिच्या हाताला हात लावून तिला थांबवलं. डोळे मिटले. "जानकू धोंडिबा तांबे!" नाना गरजले. "माझा दोस्त!" खाली जानकूनं दोन्ही हात वर केले. निशाण पडलं. घोडी सुटली, बैलं सुटली. नाना उभे राहिले, त्यांच्या तोंडून शब्दांचा लोंढा फुटला. मध्येच, घाटाच्या ऐन चढाला, ते थबकले. पुढचा शब्द गेला. सोनलनं तो तिथल्या तिथं उचलला, "बैलं वाऱ्यावर, मंडळी, वाऱ्यावर!" आणि नाना त्या शब्दावर स्वार झाल्यासारखे पुढं धावले, "वाऱ्यावर, वाऱ्यावर, भिर्रर्रर्र!" गाडा घाटाच्या शेवटच्या फळीवर आदळला. वेळ मोजणाऱ्या घड्याळवाल्यानं पहिल्या नंबराचं बोट वर केलं. घाटाचा राजा जानकू!

त्या संध्याकाळी दादाभाऊ मंडपाच्या मागं नानांना गाठून हळूच म्हणाले, "नाना, आमची म्हातारी हल्ली जेवन झाल्यावर परत जेवायला मागती. मॅडम घरी येत्यात का वो बघायला?"

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात गर्दी वाढली. सगळ्यांनाच आजार नव्हता. एकाला तर नुसतं कानात मळ भरून ऐकू येत नव्हतं. दादाभाऊंच्या आईला मात्र होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. तरी सगळंच गोड झालं असंही नाही. शेजारच्या एका गावानं नानांना दिलेली माईकची सुपारी परत घेतली. काही जण अजूनही म्हणत, "भोरांनी उगाच बोभाटा केला." नानांचे काही दिवस चांगले जात, काही धुक्याचे. त्यांनी जमीन, घर, पुढं आपल्याला कुणी आणि कसं सांभाळायचं, हे सगळं आदेश-सोनलला समोर बसवून, आपल्या तोंडानं सांगून ठेवलं. आदेश त्या वेळी रडला, पण मग त्यानंच चार माणसांत बापाचा आजार नाव घेऊन सांगायला सुरुवात केली.

पुढच्या साली घाटघरच्या बाजूला एका यात्रेत नानांनी स्वतःहून माईक सोनलच्या हातात दिला. "आज तू एकटी. मी खाली जातो."

"खाली कुठं, नाना?"

"लोकांत."

ते जानकूचा हात धरून घाटाच्या कडेला, दोरीला चिकटून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी बारी पाहिली ती वरून, मंडपातून, जीभ पळवता पळवता. बैलं इतक्या जवळून गेल्यावर पायाखालची जमीन हादरते, हे त्यांना माहीतच नव्हतं. निशाण पडलं. सोनलचा आवाज कडाडला. बैलं अंगावर आल्यासारखी धडधडत आली, धुरळा, भंडारा, बैलांच्या श्वासाचा गरम झोत, आणि सगळं एका झपाट्यात वर निघून गेलं.

नाना पिवळेधमक होऊन उभे होते. तोंडात भंडारा गेलेला. जानकूच्या खांद्यावर थापा मारत ते ओरडत होते, "आरं, हे असं असतंय व्हय! आरं, मला आदी कुनी सांगितलं कसं न्हाई! चल, चल, अजून पुढं सरक, दुसरी बारी येतीय!"